मोजणी चालू आहे

फोटॉन मोजायला आम्हाला दिवस दिवस लागतात. किस्से मात्र दार उघडलं की आपोआप आत येतात!

परदेशात शिकून मी शहापूरला परतले आणि इथल्या कॉलेजात पॉझिट्रॉनचं यंत्र मांडलं. यंत्र एका वर्षाच्या बोलीवर मिळालेलं. काम जमलं तर ते इथेच राहणार, नाहीतर शहरात जाणार.

*

आमचे लॅब अटेंडंट म्हणजे सापगावचे काशिनाथकाका. पहिल्याच दिवशी त्यांना समजावलं : पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट्या भाराचा जुळा; पदार्थात त्याला इलेक्ट्रॉन भेटतो, दोघंही नाहीसे होतात आणि दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, विरुद्ध दिशांना सुटतात.

काका म्हणाले, "मग भेटले कशाला? लांबूनच रामराम करायचा ना!"

*

दार उघडं राहिलं की खोली तापते आणि आकडे सरकतात. म्हणून मी पाटी लावली : 'मोजणी चालू आहे. दार उघडू नये.'

दुसऱ्या दिवशी दाराबाहेर चार शेतकरी, हातात सातबारा!

"म्याडम, आमचा बांध कदी मोजता?"

काका आतूनच ओरडले, "अरे, इथं डोल्यांना दिसत नाय ते मोजतात! तुजा बांध मावायचा नाय!"

*

पदार्थात सूक्ष्म पोकळी असेल, तर पॉझिट्रॉन तिथे जरा जास्त जगतो. त्या वेळेवरून पोकळीचा आकार कळतो. मी फळ्यावर अर्धा तास गणित मांडलं.

टोकावड्याची तनुजा, माझी एमएस्सीची विद्यार्थिनी, म्हणाली, "म्हणजे पोचट दाणा न फोडता ओळखायचा, मॅडम!"

मी फळा पुसला आणि तेवढंच वाक्य लिहिलं.

*

वर्ष सरलं. यंत्राचा निकाल द्यायला शहरातून एक प्राध्यापक आले. त्यांनी तनुजासमोर प्लास्टिकच्या तुकड्यांच्या तीन जोड्या ठेवल्या; पॉझिट्रॉनचा स्रोत दोन तुकड्यांच्या मधे धरतात, म्हणून जोड्या. दिसायला सगळे सारखेच.

"तिन्ही जोड्या वेगवेगळ्या तापमानाला तापवल्यात, म्हणजे आतल्या पोकळ्या वेगळ्या. फरक सांग. आठवड्याने येतो."

आठवड्याने ते आले. तनुजा म्हणाली, "सर, दोन नंबरची जोडी आणि तीन नंबरची जोडी, दोघींत फरक नाय."

"अशक्य! मी स्वतः सांगून तापवून घेतल्यात."

"मी दोनदा मोजलं, सर. नाय म्हणजे नाय."

सरांनी तिथूनच आपल्या लॅबला फोन लावला. दोन आणि तीन नंबर कसे तापवले ते विचारलं. मग फोन खिशात ठेवत म्हणाले, "दोन्ही एकाच भट्टीत ठेवल्या म्हणे!"

सरांनी चष्मा पुसला आणि तनुजाकडे वळले.

"आमच्या लॅबची दोन मुलं इथे शिकायला पाठवली, तर राहायची सोय होईल?"

"आमच्याकडे टोकावड्याला राहतील की, सर! फक्त सकाळची एसटी चुकवायची नाय!"