सहा सामन्यांत एकोणीस मिनिटं

आग्नेल लोपीसने मारलेल्या फक्कीला गावात नाव होतं. रविवारी सकाळची मिस्सा आटपली की तो चर्चमागच्या मैदानावर जायचा, दोरी ताणायचा आणि बुडाला भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यातून पांढरी फक्की सोडत चालायला लागायचा. तासाभरात फुटबॉलचं मैदान असं आखून व्हायचं की खुशाल पट्टी लावून बघावी. पंधरा वर्षं हे काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. एका शाळेत तो प्रयोगशाळा सहायक होता, मोजूनमापून वागायची सवय तिथलीच. बोलणंही तसंच सरळ. "मी जे आहे ते तोंडावर बोलतो," हे तो आठवड्यातून दोनदा तरी ऐकवायचा. तोंडावर बोलणाऱ्या माणसांची एक गंमत असते. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात राहत नाही, ऐकणाऱ्याच्या मात्र चांगलं लक्षात राहतं. आग्नेलच्या बाबतीत हे कळायला पाच वर्षं जावी लागली.

त्या रविवारी गावाच्या चौदा वर्षांखालच्या मुलींचा सामना होता. आग्नेलची स्टेफी त्या संघात होती. होती म्हणजे बेंचवर होती. पावसाळ्यानंतरचा हा सहावा सामना होता आणि आतापर्यंत ती एकूण एकोणीस मिनिटं खेळली होती. हा आकडा आग्नेलचा. प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभं राहून तो मनगटावरचं घड्याळ लावायचा आणि स्टेफी बाहेर आली की थांबवायचा. बहुतेक वेळा लावायची वेळच यायची नाही.

सामना संपायला दहा मिनिटं उरली होती, गाव एका गोलने मागे होतं आणि मधल्या फळीतली मुलगी लंगडत बाहेर आली. स्टेफी उठून उभी राहिली. तिने अंगावरचं पिवळं जाळीचं बनियन काढलं, बुटाची नाडी पुन्हा आवळली आणि कोचकडे बघितलं. कोच म्हणजे वॉल्टर. त्याची नजर बेंचवरून फिरली, स्टेफीवर क्षणभर अडखळली आणि पुढे गेली. त्याने पलीकडच्या मुलीला हाक मारली, जिने जूनमध्ये पहिल्यांदा बूट घातले होते. स्टेफीने बनियन पुन्हा अंगात घातलं आणि खाली बसली. दोरीजवळच्या माणसांनी हे बघितलं. कोणी काही बोललं नाही, आणि ते न बोलणंच आग्नेलच्या जिव्हारी लागलं.

गाव हरलं. घरी आल्यावर स्टेफीने जर्सीची घडी घालून ती सरळ कपाटात ठेवली.

"अगं, धुवायला टाक," तिची आई लूर्डस म्हणाली.

"मळलीच नाही मम्मी."

लूर्डस स्वयंपाकघरात गेली. आग्नेलच्या डोक्यात तिडीक गेली.

गोष्ट नुसत्या खेळवण्या-न खेळवण्याची असती तर तो एव्हाना दहा वेळा भांडून आला असता. पण वॉल्टर त्याचा लहानपणापासूनचा मित्र, आणि वर स्टेफीचा धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिला हातात घेऊन वेदीसमोर उभा राहिलेला. दर नाताळला तिच्यासाठी काहीतरी घेऊन येणारा. सातव्या वाढदिवसाला तिचे पहिले फुटबॉलचे बूट त्यानेच आणले होते. त्याच माणसाने तिला असं कुजवावं, हे आग्नेलला कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं.

पंधरा दिवसांपूर्वी शाळांच्या एका सामन्यात विरारच्या फुलपाड्याच्या एका क्लबच्या स्वप्ना मॅडमनी स्टेफीला बघितलं होतं. त्या आपणहून आग्नेलपाशी आल्या होत्या. "मुलगी मधल्या फळीतली आहे. चेंडू यायच्या आधी हिला कळतं तो कुठे द्यायचा. आमच्याकडे पाठवा, मी पूर्ण वेळ खेळवीन. पण नोंदणी बुधवारपर्यंतच आहे आणि जुन्या संघाची एनओसी लागेल." बुधवार गेला की वर्षभर काही करता येणार नव्हतं, आणि वर्षभराने स्टेफी या वयोगटातून बाहेर पडणार होती. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. गेल्या आठवड्यात, कधी नव्हे ते, तिने विचारलं होतं, "प्रॅक्टिसला नाही गेलं तर चालेल का?" गावातली किती पोरं असं विचारता विचारता खेळातून गेली ते आग्नेलने बघितलं होतं.

"गावाचा संघ सोडायचा?" लूर्डस जेवताना म्हणाली. स्टेफी पानात बघत होती. "आणि पुढच्या रविवारी मिस्साला वॉल्टरच्या मागच्या बाकावर कसं बसायचं? तो तिचा धर्मपिता आहे."

"धर्मपिता आहे म्हणूनच विचारणार आहे. तोंडावर विचारणार."

"तू विचारतोस तेव्हा ते विचारणं नसतं आग्नेल. समोरच्याला ती शिक्षा असते."

हे ऐकून स्टेफी उठली आणि हात धुवायला गेली.

सोमवारी संध्याकाळी आग्नेल शाळेतून परस्पर वॉल्टरच्या वाडीत गेला. वॉल्टर केळींना पाणी सोडत होता. पाटातलं पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वळवत, हातात फावडं. आग्नेलला बघून तो हसला नाही. म्हणजे त्याला कल्पना होती.

"एनओसी पाहिजे," आग्नेल म्हणाला.

"कुणी मागितली? स्टेफीने?"

"मी मागतोय. सहा सामन्यांत एकोणीस मिनिटं, वॉल्टर. माझ्याकडे तारखेसकट आहे. मला एकदा सांग, तिला खेळता येत नाही. मी आल्या पावली परत जातो."

वॉल्टरने फावडं मातीत रोवलं.

"खेळता येतं. संघात तिच्याइतकं कुणालाच येत नाही."

आग्नेलला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. भांडायची सगळी तयारी करून आलेल्या माणसाला समोरच्याने पहिल्याच वाक्यात कबुली दिली की त्याच्या हाती भांडायला काही उरत नाही, तसं त्याचं झालं. पण लगेच रागाने उचल खाल्ली.

"माहीत असून बसवतोस? स्वतःच्या धर्मकन्येला?"

"धर्मकन्या आहे म्हणूनच बसवतो," वॉल्टर म्हणाला. "हे तूच शिकवलंस मला. चर्चच्या हॉलमधली मीटिंग आठवते? फ्रेडरिकची?"

आग्नेलला आठवली. पाच वर्षांपूर्वी फ्रेडरिक मुलांच्या संघाचा कोच होता आणि त्याचा मुलगा जॉन पुढच्या फळीत खेळायचा. एक महत्त्वाचा सामना गाव हरलं. मग हॉलमध्ये मीटिंग झाली. फादर होते, गाव होतं. आग्नेलने उभं राहून खिशातून कागद काढला होता. जॉन किती मिनिटं खेळला, बाकीची पोरं किती, सगळं वाचून दाखवलं होतं. आणि शेवटी म्हणाला होता, "जो आपल्या माणसाला आधी खेळवतो, तो कोच नव्हे, बाप आहे. बापाने घरी बसावं." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. फ्रेडरिकने शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि तो बाहेर पडला. त्यानंतर तो मैदानावर फिरकला नाही. जॉन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्यानेही पुन्हा चेंडूला पाय लावला नाही.

"ती शिट्टी तूच माझ्या गळ्यात घातलीस," वॉल्टर म्हणाला. "घातलीस आणि म्हणालास, आता इथे कुणाचा कुणी नाही. मी चर्चमध्ये तिला हातात धरलंय, गावाने बघितलंय. तिला पूर्ण वेळ खेळवलं असतं तर दोरीजवळ पहिला कोण बोलला असता? दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर तूच. घड्याळ लावून."

आग्नेलने मनगटावरचं घड्याळ शर्टाच्या बाहीखाली सरकवलं.

"काल मी तिच्याकडे बघितलं ना," वॉल्टर म्हणाला, "तिने बनियन काढलं होतं. मला रात्रभर झोप नाही आली. हे बघ, एनओसी पाहिजे तर देतो. नाहीतर येत्या रविवारपासून पहिल्या मिनिटापासून तिला खेळवतो. पण दोरीपाशी उभं राहून तू सगळ्यांना सांगायचंस की ती तिच्या खेळाच्या जोरावर खेळतेय. गाव तुझं ऐकतं."

पाणी एव्हाना आळ्यावरून वाहून वाटेवर आलं होतं. वॉल्टर धावत तिकडे गेला. पाणी वळवून तो घरात गेला, एनओसी लिहून, सही करून घेऊन आला आणि आग्नेलच्या हातात दिली. "वापर किंवा फाड," म्हणाला.

मंगळवारी शाळेतून येईपर्यंत आग्नेलने मनाशी ठरवलं होतं. गाव सोडायचं नाही. रविवारी सगळ्यांसमोर उभं राहायचं, काय सांगायचं ते सांगायचं. नाक खाली होईल, होऊ दे. स्टेफी पायरीवर बसली होती. त्याने तिला सगळं सांगितलं, फ्रेडरिकच्या मीटिंगसकट. आपला वाटाही त्याने वगळला नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"अंकल का खेळवत नाहीत ते. टीममध्ये सगळ्यांना माहीत आहे पप्पा. उन्नती तर म्हणते, तुझा धर्मपिता दुसरा कुणी असता तर तू कॅप्टन असतीस."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही मीटिंग घेतली असती."

लूर्डस दारात उभी होती. तिने ओठ दाबून धरले. हसू होतं की रडू, ते आग्नेलला कळलं नाही.

"बरं. पण आता रविवारपासून तू खेळणार," तो म्हणाला. "वॉल्टर कबूल झालाय."

स्टेफीने मान हलवली. "आता खेळवलं तर म्हणतील, पप्पा भांडून आले म्हणून खेळवलं. एक पास चुकला की सगळे तुमच्याकडे बघणार. मग अंकलकडे. मला पास देताना तेच डोक्यात राहणार." तिने पायरीवरचा खडा अंगणात भिरकावला. "फुलपाड्याला मी कुणाचीच कुणी नाही. तिथं मला वाईट खेळता येईल. वाईट खेळले तर मॅडम बाहेर काढतील, बस."

तेरा वर्षांच्या पोरीला खेळायला मिळावं म्हणून आपल्या गावातून निघून जावं लागत होतं, आणि तिला काढणाऱ्यात आपणच पहिले होतो, हे आग्नेलला आता पुरतं दिसलं. त्याला फार लाज वाटली. तो आत गेला, पेन घेऊन आला आणि क्लबच्या नोंदणीच्या फॉर्मवर पालकाच्या सहीच्या जागी सही केली. सही रोजच्यासारखी आली नाही.

बुधवारी नोंदणी झाली. शनिवारी दुपारी स्टेफीला स्कूटरवर मागे बसवून तो निघाला. गावाच्या वळणावर फ्रेडरिकचं घर लागतं. पाच वर्षं आग्नेल तिथून जाताना समोर बघून जायचा. त्या दिवशी त्याने ब्रेक दाबला.

फ्रेडरिक अंगणात सुपारी सोलत बसला होता. आग्नेल फाटकाबाहेरच उभा राहिला. आत ये असं कोणी म्हणालं नाही.

"फ्रेडरिक, जॉन चांगला खेळायचा," तो म्हणाला.

फ्रेडरिकने सुपारी खाली ठेवली. "मला माहीत होतं. तुला कधी कळलं?"

"ह्या आठवड्यात."

स्कूटरवर बसलेल्या स्टेफीकडे आणि तिच्या मांडीवरच्या बुटांच्या पिशवीकडे फ्रेडरिकने बघितलं. गावात बातमी लपत नाही, त्याला सगळं कळलं असणार. तो उठला, आत जाऊन एक चिठ्ठी घेऊन आला आणि फाटकावरून पुढे केली.

"मला कशाला सांगतोस? ज्याचा पाणउतारा केलास त्याला सांग. बोटीवर असतो तो आता. हा त्याचा नंबर. आणि जा, पोरीला उशीर होईल."

फुलपाड्याचं मैदान इमारतींच्या मधोमध होतं, लाल मातीचं. फक्की कोणीतरी घाईत मारली होती, कोपऱ्यात रेषा चांगली वीतभर सरकली होती. आग्नेलने ते बघितलं आणि सोडून दिलं. पालकांनी कुंपणाबाहेर थांबायचं होतं. तिथं त्याला कोणी ओळखत नव्हतं. मॅडमनी दोन संघ पाडले आणि स्टेफीला मधे उभं केलं. आग्नेलचा हात सवयीने घड्याळाकडे गेला. त्याने घड्याळ काढून खिशात टाकलं आणि फोन बाहेर काढला.

लिहायला त्याला फार वेळ लागला. तीनदा खोडलं. शेवटी एवढंच राहिलं: 'जॉन, मी आग्नेल लोपीस. तू चांगला खेळायचास. त्या दिवशी हॉलमध्ये मी चुकीचं बोललो. तुझा खेळ माझ्यामुळे सुटला.'

संदेश गेला. मैदानावर स्टेफीचा पहिलाच पास चुकला. मॅडम ओरडल्या, "चल, पुढे!" आणि खेळ चालू राहिला. कोणीही कुंपणाकडे वळून बघितलं नाही.

अर्ध्या तासाने फोन वाजला. कुठल्या समुद्रावरून कोण जाणे, जॉनचं उत्तर आलं होतं. माफ केलं असं त्यात नव्हतं, राग आहे असंही नव्हतं. एकच प्रश्न होता.

'स्टेफी खेळते ना अजून?'

आग्नेलने मान वर करून बघितलं. स्टेफी चेंडूमागे पळत होती, जर्सी पाठीपर्यंत लाल मातीने माखली होती. डोळे पुसून त्याने एका बोटाने लिहिलं, 'खेळते.'