तीन पालथे कप

कॉफीपुढे सगळी माणसं सारखी असतात.

हे भारदस्त वाक्य माझं. हायडेलबर्गच्या आमच्या संस्थेत, इथिओपियाच्या दालनातल्या फलकावर, जर्मनमध्ये. मी तिथल्या समाजांवर पीएचडी करते. प्राध्यापक वाचून म्हणाले, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. मला दोन दिवस बरं वाटलं.

त्याच आठवड्यात फ्रँकफर्टला एका मराठी घरी हळदीकुंकू होतं. काकूंनी माझ्यापुढे कप ठेवला, गाव विचारलं. मग आडनाव. मी सांगितलं. कप परत उचलला गेला.

"कप कमी पडतायत गं," म्हणाल्या, आणि कागदी कपात कॉफी दिली. ट्रेमध्ये कप पालथे घातलेले दिसत होते.

"छान झालीय, काकू," मी म्हणाले. निघताना कागदी कप कुठल्या डब्यात टाकायचा, तेही विचारलं.

पुढच्या शुक्रवारी संस्थेत इथिओपियन कॉफीचा कार्यक्रम होता. जमिनीवर गवत पसरलेलं, धूप, ताज्या भाजलेल्या बियांचा वास. दक्षिणेतल्या डोंगराळ भागातली हिवोत कॉफी ओतत होती. शेतजमीनवाल्या घरची, माझ्याबरोबर पीएचडी करणारी. कॉफीचं मातीचं भांडं, जबना, आस्तेरनं आणलं होतं. ती त्याच भागातली, मानहाइमला वृद्धाश्रमात काम करते.

"सुंदर आहे. कुणी घडवलं?" हिवोतनं विचारलं.

"माझ्या आईनं," आस्तेर म्हणाली. अभिमानानं.

त्या भागात मडकी कोण घडवतं, हे माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात आहे. कुंभारांच्या घरात मुलगी देत नाहीत. त्यांच्या पंगतीला बसत नाहीत. त्यांनी घडवलेल्या भांड्यातली कॉफी मात्र रोज पितात. हे सगळं मी तळटीपांसह लिहिलं होतं, आणि तरी ते वाक्य फलकावर दिलं होतं.

सगळ्यांना चिनी मातीचे कप मिळाले. मलाही. आस्तेरला कागदी.

"कप कमी पडले," हिवोत म्हणाली.

या वेळी मी मोजले.

"कमी नाहीत," मी म्हणाले. "तीन पालथे आहेत."

प्राध्यापक माझ्याकडे वाकून हळू म्हणाले, "हा त्यांचा अंतर्गत सांस्कृतिक प्रश्न आहे. आपण निरीक्षक आहोत." माझी शिष्यवृत्ती वाढवायच्या कागदावर पुढच्या महिन्यात यांचीच सही लागणार आहे.

"मी निरीक्षक नाही," मी म्हणाले. "मला गेल्याच आठवड्यात अशी कॉफी मिळालीय. मी ती प्यायले, आणि वर छान म्हणाले."

आस्तेर उठली. जबना उचलून सिंकमध्ये रिकामी केली, स्कार्फमध्ये गुंडाळली. "आईचं आहे. नेते मी," एवढंच म्हणाली. रीतीप्रमाणे कॉफीच्या तीन फेऱ्या होतात. पहिलीच अर्धी राहिली.

मी तिच्याबरोबर बाहेर पडले. ट्रामच्या थांब्यावर तिनं विचारलं, "ते फलकावरचं वाक्य कुणी लिहिलंय?"

"मी."

तिनं स्कार्फमधली जबना छातीशी धरली. माझी समजूत घालण्यासारखं काही नव्हतं, आणि तिनं ती घातलीही नाही.

ते वाक्य मी उतरवणार. सही मिळो न मिळो. तिथं कुणाला कप मिळतो, कुणाला नाही, ते लिहिणार. हिवोतचं आणि काकूंचं, दोन्ही. माझ्या आडनावासकट.

सोमवारी फलक बदलण्याचा फॉर्म आणला. त्यात कारणासाठी दीड ओळ जागा आहे.