लेखातले हात

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा अमरावतीत एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मला संध्याकाळचं काम मिळालं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे न समजलेलं विचारायलाही भीती वाटायची. तिथल्या एका मोठ्या डॉक्टरांना पुरस्कारासाठी आपल्या संशोधनाची माहिती पाठवायची होती. त्यांचे लेख कोणते, प्रत्येकाचा आधार पुढे किती जणांनी घेतला आणि ते कोणत्या शाखेचे, हे संगणकावर शोधून एकत्र करायचं होतं. कुणी आपल्या लेखात डॉक्टरांच्या लेखाचा उल्लेख केला की इकडचा आकडा एकाने वाढतो, एवढं मला समजलं होतं.

बहुतेक लेखांचा आधार त्वचारोगाच्या डॉक्टरांनीच घेतला होता. एक छोटा लेख मात्र सगळीकडे पोचला होता. सांध्यांचे, मूत्रपिंडाचे, फुप्फुसांचे डॉक्टरही त्याचा हवाला देत होते. तो एकाच बाईच्या आजारावर होता. हातांची कातडी चामड्यासारखी आवळत जाते तो आजार, आणि एका जुन्या औषधाने तिला आलेला गुण. खाली दोन फोटो होते, आधीचे हात आणि नंतरचे हात. उजव्या मनगटावर विंचू गोंदलेला होता. त्याची नांगी अर्धवट राहिली होती.

ती नांगी मी लहानपणापासून माझ्या मावशीच्या हातावर बघत आले. गोंदताना रडत पळून गेली म्हणून ती तशी राहिली, हे मावशी स्वतःच हसून सांगायची. अकोल्याजवळ तिचा भाजीचा मळा आहे. अमरावतीला इलाज झाला आणि तिची बोटं पुन्हा वळायला लागली, हेही खरं होतं. पण लेखाच्या शेवटी लिहिलं होतं की औषध बंद केल्यावरही रोगिणीला कसलाच त्रास नाही, फोनवरून वेळोवेळी विचारपूस केली आहे. मी नुकतीच तिच्याकडे जाऊन आले होते. विहिरीपासून घरापर्यंत येताना ती मध्येच बांधावर बसली होती. कोरडा खोकला थांबत नव्हता. थंडीचा आहे म्हणाली, आणि ऊन तर असं होतं की मेथी तोडल्या तोडल्या माना टाकत होती.

शनिवारी मी पुन्हा अकोल्याची एसटी धरली.

"डॉक्टरचा फोन येत होता का तुले?"

"येत होता ना. लय चांगला माणूस."

"मग काय सांगतलं तू?"

"काय सांगन? बरी हावो म्हणलं."

"अन् खोकला?"

"येवढा मोठा डॉक्टर सोताहून फोन करते, अन् त्याले मी रडगाणं सांगू? कोनी कसं काय विचारलं त बरंच म्हनते माणूस. शिकून येडी झाली का वो तू?"

मला हसू आलं. आमच्याकडे सगळे असंच म्हणतात, मीही म्हणते. मग लक्षात आलं, लेखाचा शेवट तिच्या या ‘बरी हावो’वरूनच लिहिला होता.

सोमवारी तिला समजावून अमरावतीला आणलं. डॉक्टर रागावतील, काम जाईल, असं अमरावतीच्या अलीकडचं बडनेरा येईपर्यंत वाटत राहिलं. त्यांनी तिला लगेच ओळखलं.

"काय मावशी, कशा आहात?"

"बरी हावो साहेब."

ते हसले आणि माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "सर, ती बरी नाही. तिला जिना चढवत नाही."

त्यांनी तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. खाली, बरगड्यांच्या शेवटी, पुन्हा पुन्हा तिथेच ऐकत राहिले. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"खोकला कधीपासून आहे?"

मावशीने आधी माझ्याकडे बघितलं. "तुमचा पयला फोन आला ना, तवापासूनच."

तिला छातीचा फोटो काढायला आत नेलं. डॉक्टर मी केलेली यादी उघडून बसले. हे आजारामुळे झालं की त्या औषधामुळे, ते आज सांगता येणार नाही, असं म्हणाले. लेख छापलेल्या मासिकाला पत्र लिहून चूक कळवतो, हेही म्हणाले. मग विचारलं, "यातल्या किती जणांनी आपल्या पेशंटला हे औषध दिलं असेल?"

ते माझ्या यादीत नव्हतं. लेखाचा उल्लेख कुणी केला, एवढंच तिथे दिसत होतं.

फुप्फुसं खालून आवळत चालली आहेत, असं निघालं. मावशीला त्याच दिवशी भरती केलं. डॉक्टरांनी पत्र पाठवलं. ते छापून येण्याआधीच त्या लेखाचा आकडा आणखी वाढला.

वॉर्डात नाकाला प्राणवायूची नळी लावलेली मावशी मला म्हणाली, "माह्या हाताचा फोटू पाहून बाकीच्या बायायले बी तेच औषध देऊन राहिले का वो?"

"दिलं असन काहीजणीले."

बोलायला तिला दम लागत होता.

"त्यायची छाती तपासतात ना पण कोनी? का फोनवरच इचारतात?"

मला माहीत नव्हतं, आणि तसं मी तिला सांगितलं.