जिझानमधले दोन वतनदार

अरबी कॉफीतल्या वेलचीचा वास आला, की मला सौदीतल्या जिझानचं ते सरकारी ऑफिस आठवतं. इकाम्यासाठी, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यासाठी, बोटांचे ठसे देण्याचा शेवटचा दिवस होता. शेजारी आमच्या कंपनीतला इंग्रज इंजिनिअर बसला होता. त्याच्या कुणा पूर्वजाला राजाने दिलेली पदवी थोरल्याकडून थोरल्याकडे येत त्याच्यापर्यंत पोचली होती. मी विचारलं, “सोबत जमीन किती?” “सगळी विकली. बंगलाही.” माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, “आम्ही रत्नागिरीकडचे पिढीजात खोत. कूळकायद्यात जमिनी गेल्या, ऐट तेवढी उरली.” त्याने उठून माझा हात हातात घेतला. मग कुणाचं घराणं जुनं यावरून असे भांडलो, की दोघांचेही नंबर पुकारून गेले. खिडकीतला कारकून म्हणाला, “खलास!” आता गावात मला कुणी खोत म्हणत नाही, इंग्लंडहून येणाऱ्या नाताळच्या कार्डावर मात्र माझ्या नावाआधी दरवर्षी ‘खोत’ असतं.