गोंडेवाला बेडूक

माशाला फसवायला जेवढी अक्कल लागते तेवढी आपल्यात नक्की आहे, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. माशांची तशी समजूत नव्हती.

जाम गावच्या चौफुलीजवळ माझं जनरल स्टोअर्स आहे. राखीच्या दिवसांत राख्या, पोळ्याला बैलांचे गोंडे, घुंगरं आणि बेगड, दिवाळीला आकाशकंदील, आणि मधल्या काळात कंगवे, वह्या, टिकल्या असा आमचा धंदा. घर माळकरी. अंडं उंबऱ्याच्या आत आलं तर तुळस वाळेल असं मानणारं. अशा घरातल्या माणसाला मासेमारीचा नाद लागला, तो मोबाइलमुळे. एका पावसाळ्यात दुकानात गिऱ्हाईक फिरकत नव्हतं म्हणून व्हिडिओ बघत बसलो होतो. एक गोरा माणूस होडीतून रबरी बेडूक फेकत होता, आणि बास नावाचा जाडजूड मासा त्या बेडकावर असा तुटून पडत होता की माझ्या हातातला चहा पायजम्यावर सांडला. गोऱ्याने मासा वर काढला, त्याचा मुका घेतला आणि परत पाण्यात सोडून दिला. मला ते एकदम पटलं. खायचं नाही, मारायचं नाही, नुसतं जिंकायचं. माळकऱ्याला याहून सोयीचा खेळ कुठला?

बास आपल्याकडे नाही. पण आपल्याकडे मरळ आहे. सापासारखं डोकं, काळपट अंग आणि सासुरवाडीला रुसलेल्या जावयासारखा स्वभाव. बेडूक दिसला की त्याचं डोकं फिरतं. गिरडच्या टेकडीच्या अलीकडे एक तलाव आहे, तिथे शिंगाड्याच्या वेलाखाली मरळ दबा धरून बसतो. तिथल्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांनी आमच्या पाच-सात हौशी गळवाल्यांच्या मंडळाला रविवारी गळ टाकायची परवानगी दिली होती. "सोडूनच देता न? मंग टाका. आमचं काय जाते!" असं म्हणून ते बराच वेळ हसले होते.

माझ्या बायकोला मात्र यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

"खात त नाई. मंग पकडता काऊन?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"पकडून सोडून देतो."

"मंग पाण्यातच राहू द्या न त्याले! तो होता न तिथं पयलेच!"

मी काठी उचलून गळ तपासायला लागलो.

तिचा खरा त्रास वेगळा होता. तिची आई आर्वीला असते. दर रविवारी संध्याकाळी सासूबाईंचा फोन येणार, आणि ख्यालीखुशाली झाली की प्रश्न ठरलेला, "जावईबापू गेलते का आज? काय घावलं?" आणि माझी बायको दर रविवारी भिंतीकडे बघून सांगणार, "काई नाई घावलं." तिला खोटं बोलता येत नाही. गिऱ्हाइकाने विचारलं, हा कंगवा टिकेल का, तर ती "नाई" म्हणून मोकळी होते. सासूबाईंना मात्र या "काई नाई"ची शंका येऊ लागली होती. जो माणूस दर रविवारी पहाटे काठी घेऊन जातो आणि कधीच काही आणत नाही, तो नेमका जातो कुठे? फोनच्या पलीकडून त्यांनी हे एकदा स्पष्टच विचारलं, आणि आवाज एवढा खणखणीत की मला बाहेरच्या खोलीत ऐकू आलं.

शेवटी माझी मंडळी एके दिवशी कणीक मळता मळता म्हणाली, "माह्या आईले दर आठवड्याले काय सांगू मी? पोळ्यानंतर तुमची ते स्पर्धा हाये न, मी येतो तिथं. एक मासोळी माह्या डोळ्यानं दिसली पायजे. नाई त हे काठी माळ्यावर. मंग रविवारी दुकानात बसजा."

बोलून थांबली नाही. शिडी आणून माळ्याला टेकवून ठेवली.

आता हसू येतं, पण तेव्हा मला खरंच धास्ती बसली. आठवडाभर मी "दादा, कमी करा न" ऐकत असतो. रविवारची ती पहाट, टेकडीवरच्या दर्ग्याच्या हिरव्या झेंड्यामागून उजाडणारं आकाश, आणि कुणीही काहीही कमी करायला सांगत नाही अशी ती शांतता, हे माझं एकट्याचं होतं. ते माळ्यावर टाकून मी काय करणार होतो?

तेव्हा मी आमिषावर जोर लावला. विकतचे बेडूक, गळाला लावायचे चमकते चमचे, प्लॅस्टिकच्या मासोळ्या शिंगाड्याच्या वेलांनी कधीच गिळल्या होत्या. मरळाने शिवल्याही नव्हत्या, पण वेलांना फार आवडल्या. म्हणून मी घरीच बनवायला लागलो. दुकानात माल पडलेलाच असतो. पहिलं आमिष उरलेल्या राखीचं केलं. स्पंजचं फूल, मधे चकाकता खडा. ते पाण्यावर इतकं सुंदर फिरलं की माझा मीच खूश. मासा एकही आला नाही. माझा मित्र सेवाग्रामच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत काम करतो, आमच्या मंडळाचा तोच म्होरक्या. तो म्हणाला, "अबे, राखी पाहून कोन येईन? ओवाळणी द्या लागते न!"

मग जुन्या रबरी चपलेचा तळ कापून बेडूक केला. पोट हिरव्या रंगाने रंगवलं. मागच्या पायांच्या जागी पोळ्याचा उरलेला लाल गोंडा बांधला, पाठीवर बेगड चिकटवली आणि गळ्यात एक घुंगरू अडकवलं. बायकोने तो उचलून उजेडात धरला. "बेडूक कायचा, हे त बैल वाटून राह्यला," ती म्हणाली. पण घुंगरू तिने दोनदा वाजवून बघितलं.

स्पर्धेचे नियम मित्राने व्हिडिओ बघून काढले होते. मासा पकडायचा, पंचाने टेपने मोजायचा, लगेच सोडायचा. ज्याचा लांब तो पहिला. पंचाने मोजला नाही तर मासा धरलाच नाही असं समजायचं. एवढं सगळं चोख होतं. चूक एकच झाली, पंच निवडण्यात. आम्ही गावातल्या निवृत्त गुरुजींना बोलावलं, कारण स्पर्धा म्हटलं की आमच्याकडे गुरुजीच. त्यांनी आयुष्यभर तान्ह्या पोळ्याचं परीक्षण केलं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं आपापले लाकडी बैल सजवून रांगेत उभी राहतात, गुरुजी प्रत्येकासमोर थांबून सजावट बघतात, लेकराला दोन प्रश्न विचारतात आणि मग बक्षीस देतात. त्यांच्या दृष्टीने जगातली स्पर्धा एवढ्या एकाच प्रकारची असते.

सकाळी तलावावर पोचलो तर काठावर मंडप, तोरण आणि लाउडस्पीकर. अध्यक्षांनी नारळ फोडला. आम्ही काठ्या घेऊन पाण्याकडे धावणार तेवढ्यात लाउडस्पीकरवरून आवाज आला, "स्पर्धकांनी आपापले बेडूक घेऊन रांगेत उभं राहावं."

मित्र जाऊन सांगून आला, की गुरुजी, मासे मोजायचे आहेत. गुरुजी म्हणाले, "मोजू न. पण आधी सजावट."

मग काय, बाप्ये मंडळी तोरणाखाली ओळीत, तळहातावर आपापली आमिषं घेऊन उभी. मासे चरायची सकाळची सगळ्यात चांगली वेळ डोळ्यांदेखत निघून चालली होती. गुरुजी एकेकासमोर थांबत होते. ढाब्यावरचा एक भाऊ नुसता चमचा घेऊन आला होता, साधा लोखंडी, चकचकीत. "यावर काहीच मेहनत नाही," गुरुजी म्हणाले आणि त्याला एक चॉकलेट दिलं. मग माझ्यापुढे आले. गोंडा हातात घेऊन बघितला, बेगडीवरून बोट फिरवलं, घुंगरू कानाशी धरलं. "कशापासून बनवला?"

"चपलेपासून, गुरुजी."

"डावी की उजवी?"

"डावी."

"वा," गुरुजी म्हणाले. मला दोन चॉकलेटं मिळाली. मागे मंडपात अध्यक्षांच्या घरच्या बायका आणि माझी बायको अशा बसल्या होत्या. बायकोने पदर तोंडाशी धरला होता. हसत होती की मी तिचा कोण हे लपवत होती, कळलं नाही.

गळ टाकायला सुरुवात झाली तेव्हा ऊन चढलं होतं. मित्राने एक बोटभर लांब मासा धरला, गुरुजींनी तो टेपने मोजला आणि लाउडस्पीकरवर जाहीर केला. ढाबेवाल्याच्या बिनमेहनतीच्या चमच्याला चांगला वीतभर मासा लागला. मी फेकत होतो, ओढत होतो, घुंगरू वाजत होतं. शिंगाड्याच्या वेलावरून माझा बेडूक लग्नातल्या घोड्यासारखा ठुमकत येत होता आणि कुणी वरातीला येत नव्हतं. माळ्याला टेकलेली शिडी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. जेवणाची वेळ झाली तशी बायको माझा डबा घेऊन बांधावरून चालत आली. "झालं का?" तिने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

"एकच फेकतो अजून," मी म्हणालो.

फेकला. बेडूक वेलावर पडला, ठुमकला, वेलाच्या कडेवरून उघड्या पाण्यात उतरला आणि खालून भस्सकन काहीतरी आलं. गोंडा, घुंगरू, बेगड सगळं एका घासात गायब. काठी वाकली. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण बायको म्हणते "आई वो!" असं ओरडलो. पाय चिखलात रुतले, एक चप्पल गेली, रीळ करकरत होतं, आणि मी मागे मागे सरकत थेट बांधावर जाऊन बसलो, तेव्हा माझ्या पुढ्यात गवतावर मरळ उड्या मारत होता. काळा, चमकदार, माझ्या हाताएवढा. तोंडातून लाल गोंडा लोंबत होता.

"गुरुजीऽऽ! टेप आणाऽऽ!"

गुरुजी मंडपातून निघाले. पण त्यांचा वेग गुरुजींचाच. मी गळ सोडवला. मरळाने तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. बायको वाकून बघत होती. तिचा चेहरा बदलला.

"अवो, सोडा त्याले!"

"मोजू दे आधी."

"मोजत काय बसता! जीव चालला त्याचा! पाहा कसा पाहून राह्यला माह्याकडे!"

"अगं, हा मरळ हाये. याले हवेत श्वास घेता येते. काई होत नाई."

"तुमाले सांगितलं का त्यानं?"

मी गुरुजी किती लांब आहेत ते बघायला मान वळवली. तेवढ्यात जिने जन्मात मासोळीला बोट लावलं नव्हतं, जी बाजारात मासळीच्या ओळीतून जाताना नाक धरते, त्या माझ्या बायकोने मरळाला दोन्ही हातांनी उचललं. "जा बापा, जा," असं म्हणून अलगद पाण्यात ठेवलं. त्याने एकदा शेपटी मारली, तिची साडी भिजवली आणि गेला.

गुरुजी पोचले. टेप उघडलेला. "कुठे आहे मासा?"

मी पाण्याकडे बोट दाखवलं. गुरुजींनी पाण्याकडे बघितलं, मग बायकोकडे. "तुम्ही पाहिला? केवढा होता?"

तिने दोन्ही हात समोर धरले. विचार केला, डावा हात जरासा आत घेतला. कंगव्याबद्दल सांगावं तसं प्रामाणिक माप. गुरुजींनी लगेच टेप तिच्या एका तळहातापासून दुसऱ्या तळहातापर्यंत लावला. "हात हलवू नका," ते म्हणाले. मित्र धावत आला आणि असं चालत नाही म्हणून भांडू लागला. नियम त्याचाच होता. पंचाने मासा मोजला नाही म्हणजे मासा धरला नाही.

पहिला नंबर ढाबेवाल्याला गेला. मला उत्कृष्ट सजावटीचं बक्षीस मिळालं. ट्रॉफीवर बैल होता. तान्ह्या पोळ्याच्या उरलेल्या ट्रॉफ्या होत्या त्या, माझ्याच दुकानातून गेलेल्या.

परत येताना बायको गाडीवर मागे ओली साडी पिळत बसली होती. मला वाईट वाटत होतं. मासा लागला होता, पण लाउडस्पीकरवर जाहीर झाला नव्हता. मरळ नाही, माप नाही, फोटो नाही. हातात बैल. घरी येऊन मी काठी पुसली, गुंडाळली आणि शिडीपाशी जाऊन उभा राहिलो.

फोन वाजला. आर्वी.

बायकोने तो कान आणि खांद्याच्या मधे धरला. ख्यालीखुशाली झाली. मग तो ठरलेला प्रश्न आला.

"घावला न वो आई!" ती म्हणाली. "माह्या डोळ्यानं पायला! माह्या हातात होता!" आणि तिने दोन्ही हात समोर धरले, तलावावर धरले होते तेवढेच. "एवढा! नाई नाई, एवढा!" हात आणखी लांब गेले. "अवो, मले दोन हातानं उचलल्या नाई जात होता!" आता एक हात मसाल्याच्या डब्यापर्यंत आणि दुसरा खिडकीपर्यंत पोचला होता. पलीकडे आर्वीला हात दिसत नाहीत हे तिच्या गावीही नव्हतं. "डोळे त पायजो तू त्याचे! मीच जातो म्हणलं आता येत्या रविवारी, पाहातो असन त तिथंच."

मी शिडी उचलली आणि मागच्या अंगणात नेऊन ठेवली.