तुल्लिओ उणा झाला

इटलीतल्या किओज्जाच्या मासळीबाजारात एर्सिलियाचा आवाज कालव्यापलीकडे ऐकू जायचा. नवरा गेल्यावर तिने एकटीने गाळा चालवला, तुल्लिओला वाढवलं. तो स्कॉटलंडला जाऊन तिथल्याच मोरागशी लग्न करून बसला. बापाच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला तो येणार होता, त्या सकाळी फोन वाजला.

"आई, तुल्लिओ आज सकाळी उणा झाला," मोराग तिच्या मोडक्या इटालियनमध्ये म्हणाली. "काळजी नको. उद्या येईल."

एर्सिलियाच्या हातून फोन सुटला. मोरागने वापरलेला शब्द 'मांकारे', म्हणजे उणं पडणं. इटालियनमध्ये मीठही उणं पडतं, वेळही उणा पडतो. पण माणूस उणा झाला म्हणजे तो संपला. आणि उद्या येणार ती शवपेटी!

तिने उलट फोन लावला. लाइन व्यस्त. पुन्हा व्यस्त. तिकडे मोरागही तिचाच नंबर फिरवत होती, हे तिला कसं कळावं? ती जिना उतरली, परत चढली. शोकाचा काळा झगा कपाटातून काढला, इस्त्री तापवली, तशीच विसरली.

शेजारची नीवेस धावत आली, तिने सगळं ऐकून घेतलं. "सून रडत होती का गं?"

"नाही."

"मग?"

"तिकडचे लोक रडत नसतील!" एर्सिलिया ओरडली आणि पुसलेली फरशी परत पुसू लागली.

दुपारी फोन वाजला. तुल्लिओचाच आवाज. "आई, विमान चुकलं माझं. किती वेळ तुझा फोन लागत नव्हता!"

"मेल्या!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. मग मात्र ती जमिनीवरच बसली.

उन्हाळ्यात दोघं आली. सार्डिन माशांसाठी कांदा परतताना एर्सिलियाने सुनेला समजावलं, "विमान चुकलं तर आमच्यात 'हरवलं' म्हणायचं. उणी होतात ती माणसं."

मोरागचा हात थांबला. "म्हणजे त्या दिवशी मी तुम्हाला..."

"कांदा करपतोय बघ."

निघताना धक्क्यावर मोरागने तिला मिठी मारली. तिला म्हणायचं होतं, तुमची फार आठवण येईल. पण इंग्रजी 'मिस'च्या वळणाने शब्द उलटे पडले : "आई, मी तुम्हाला फार उणी भासेन."

तुल्लिओ हसून चूक दाखवायला गेला. एर्सिलियाने त्याला कोपराने ढोसलं.

"भासशील गं," ती म्हणाली.

बोट दिसेनाशी झाली, तरी ती धक्क्यावर येरझाऱ्या घालत राहिली. पोचल्याचा फोन येईपर्यंत आता तिला चैन पडणार नव्हतं.