च्याओआजींनी नापास केलेले आईबाप

च्याओआजींना आमची सगळी गल्ली पाठीमागे 'परीक्षक' म्हणायची. तोंडावर म्हणायची छाती कोणाची नव्हती. बालगृहातली मुलं दत्तक जाईपर्यंत घरी सांभाळायची, हे त्यांचं काम. चीनच्या शान्सी प्रांतातल्या आमच्या गावात बऱ्याच बायका ते करतात. पण न्यायला येणाऱ्यांची उलटतपासणी घेणाऱ्या त्या एकट्याच.

श्याओमान त्यांच्याकडे आली ती दहा महिन्यांची. पायांत जोर नाही, डावा हात आखडलेला. सहाव्या वर्षी ती पायांना कॅलिपर लावून भिंतीच्या आधाराने चालायला लागली. जीभ मात्र त्याआधीच आजींसारखी सुसाट सुटली होती.

"जाऊ दे एकदाची, माझी कंबर तरी सुटेल," असं आजी मला, शेजारणीला, रोज ऐकवायच्या. आणि कोणी बघायला आलं, की खोट काढायला बसायच्या.

पहिलं जोडपं तैयुआनहून आलं. "मोठ्या डॉक्टरांना दाखवून हिला धावायला लावू," नवरा म्हणाला.

"आणि नाही धावली तर? परत आणून टाकणार?"

ते चहा अर्धा टाकून गेले. नंतर आलेल्या बाई श्याओमानला बघून दोनदा "बिचारी" म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत आजी दार उघडून उभ्या होत्या.

बालगृहाच्या थानबाई वैतागल्या. "आजी, मुलगी द्यायचीय की ठेवायचीय?"

"द्यायचीच आहे."

"मग निवड आमच्यावर सोडा!"

"सोडलीय की. मी नुसतं विचारते."

मग लियांग आणि त्याची बायको वेनफांग आले. लियांग बसगाड्या दुरुस्त करायचा. नखांत काळं तेल. आजींनी तोंड उघडायच्या आत त्यानंच विचारलं, "हिला जिन्यावरून कसं उचलायचं? कॅलिपर कसे बांधायचे? मला शिकवाल?"

आजींनी कॅलिपर काढून त्याच्या पुढ्यात ठेवले! हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तो जमिनीवर बसून पट्टे बांधायला लागला. श्याओमान खिदळली, "काका, उजव्याचा डाव्याला लावलात! एवढी मोठी बस कशी जोडता हो?"

"बस इतकी वळवळत नाही," लियांग म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला लागला.

आजी उठून आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. चहाला पाणी ठेवलंय म्हणाल्या. मी डोकावले तर चूल थंड.

कागदपत्रांना पाच महिने गेले. दर रविवारी नवराबायको येत आणि आजींचे टोमणे खात. निघायच्या दिवशी मी आजींना विचारलं, "सहा वर्षं सांभाळलंत, मग तिला 'आई' का नाही म्हणू दिलंत?"

"मग हिला काय म्हणाली असती?" वेनफांगकडे हनुवटीनं खूण करत त्या म्हणाल्या. "उगाच घोळ."

गाडी गेल्यावर तीन दिवस त्या कोणालाच टोचून बोलल्या नाहीत. गल्ली काळजीत पडली.

चौथ्या दिवशी फोन आला. श्याओमान तक्रार करत होती, "आजी, बाबांना केस बांधता येत नाहीत."

"दे त्याला फोन," आजी कडाडल्या. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.